वाचकांचे प्रश्न : शिवपुरीत पाहुणा मुक्कामाला कसा राहील?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच मध्य प्रदेशातील शिवपुरीच्या पर्यटनाविषयी होती. त्यांतील चार पत्रे, थोडी संक्षिप्त करून, येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, परंतु वडिलोपार्जित घर शिवपुरीस असल्याने तेथे येणे-जाणे असते. तेथील माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ आले, जवळच्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ते आले, तरी शहराला त्याचा म्हणावा तसा लाभ झालेला दिसत नाही. तेथील काही व्यापारी आणि आमच्यासारखी काही कुटुंबे मिळून वर्गणी जमवीत आहोत. महामार्गावर चित्त्याच्या चित्राचे मोठे फलक लावावेत, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या मंडळींचा उत्साह रास्त आहे, तथापि वर्गणीचा पैसा चित्त्याच्या चित्रावर घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले त्या दिवशीच कुनोचे नाव जगभर झाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आल्यावर त्यात भरच पडली. सरकारी खर्चाने झालेली जाहिरात आपण पदरमोड करून पुन्हा कशाला करायची? शिवाय चित्ता दाखवणे आपल्या हातात नाही. आणलेल्या चित्त्यांपैकी अनेकांना बराच काळ मोठ्या कुंपणाच्या आतच ठेवण्यात आले होते, आणि मोकळा सोडलेला प्राणी ७४८ चौरस किलोमीटरच्या उद्यानात आज कोठे भेटेल, हे वनरक्षकही छातीठोकपणे सांगणार नाही. चित्त्याच्या नावाने बोलावलेला पाहुणा चित्ता न पाहता परतला, की तो चित्त्याला नव्हे, शिवपुरीला नावे ठेवतो.

वाघाचेही फारसे निराळे नाही. माधव उद्यानात मार्च २०२३ मध्ये वाघ पुन्हा सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु व्याघ्र प्रकल्प म्हटला की २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालते, एका फेरीला किती गाड्या सोडायच्या हे ठरलेले असते, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते. म्हणजे जंगलात नेता येतील अशा पर्यटकांच्या संख्येला मुळातच मर्यादा आहे, आणि ती असावी हेच योग्य. शहर पाहणाऱ्यांच्या संख्येला तशी मर्यादा नाही.

पाहुण्याचा दिवस कसा जातो ते पाहावे. सफारी पहाटे एकदा आणि दुपारनंतर एकदा निघते. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास धुळीने माखलेला पाहुणा जिप्सीतून उतरतो, आंघोळ-न्याहारी उरकतो, आणि दुपारच्या फेरीपर्यंत त्याच्याजवळ चार तास मोकळे असतात. त्या चार तासांत करण्यासारखे काही त्याला कोणी सांगितले नाही, तर तो सामान बांधतो आणि ग्वाल्हेर किंवा झाशी गाठतो. दोन्ही शहरे मोटारीने दोन-अडीच तासांवर असल्याने त्याचे काहीच अडत नाही. रात्रीचे जेवण, खोलीचे भाडे, बाजारातली खरेदी, सारे शिवपुरीच्या हातून जाते.

वास्तविक या चार तासांसाठी शिवपुरीजवळ भरपूर आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारची ही पूर्वीची उन्हाळी राजधानी. त्याच घराण्याचे माधवराव महाराज १९२५ साली पॅरिसला वारले. त्यांची पांढऱ्या संगमरवराची छत्री, म्हणजे समाधी-स्मारक, आणि समोर त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांची छत्री, मध्ये पाण्याचा हौद आणि भोवती बाग, हे नुसते बघून निघायचे ठिकाण नव्हे. महाराजांच्या छत्रीतील रंगीत दगडांच्या जडावाची फुले जवळून पाहायची म्हटली तरी अर्धा तास लागतो. सख्यासागर तलावाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले असून तेथील मगरी वाघापेक्षा पुष्कळच सहज दिसतात. झाशीच्या रस्त्यावर सुरवायाची गढी आहे. तटबंदीच्या आत दगडी मठ आणि देवळे, आणि तेथे बहुतेक वेळा आपणच एकटे! पूर्ण दिवस काढणाऱ्यासाठी नळ-दमयंतीच्या कथेशी जोडलेला नरवरचा किल्ला आहे.

तेव्हा वर्गणीतून प्रथम एक पानभर नकाशा हिंदी, इंग्रजी व मराठीत छापून घ्यावा आणि तो हॉटेलांत, रेल्वे स्थानकावर आणि परवानगी मिळाल्यास उद्यानाच्या प्रवेशद्वारावर ठेवावा. त्यावर ठिकाणांची स्तुती नको. कोणत्या वेळी उघडते, रिक्षाने किती वेळ लागतो, स्वच्छतागृह कोठे आहे, एवढे असावे. इंटरनेटवरील नकाशांवर या ठिकाणांच्या जागा व वेळा बरोबर आहेत की नाहीत, हेही कोणीतरी बसून तपासावे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच ते कोणी करीत नाही. त्यानंतर पैसा उरला, तर फलकाचे पाहता येईल.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास-शिक्षिका आहे. शिवपुरीतील होतकरू गाइडांना शिकवण्याची विनंती मला झाली आहे. एकाच शहरात तात्या टोपे यांचे हौतात्म्यस्थळ आणि शिंदे घराण्याच्या छत्र्या आहेत. १८५८ चा इतिहास सांगताना कोणाचे मन दुखावू नये म्हणून एक भाग गाळावा, असे काहींनी सुचवले. काय करावे?
— एक वाचक, दौलतगंज, ग्वाल्हेर

उत्तर : काहीही गाळू नये. हा इतिहास सगळा एका ठिकाणी सांगता येतो, हेच शिवपुरीचे वैशिष्ट्य आहे, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला त्यात विशेष रस असतो. जून १८५८ च्या आरंभी तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई व रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले, तेव्हा जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या आणि इंग्रजांनी जयाजीरावांना पुन्हा गादीवर बसवले. तात्या त्यानंतर कित्येक महिने इंग्रज फौजांना झुलवत राहिले. अखेर नरवरच्या मानसिंहाने दगा दिल्याने पाडोनच्या जंगलात ते पकडले गेले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत, म्हणजे तेव्हाच्या सिप्रीत, त्यांना फाशी देण्यात आली. ज्या सख्याराजेंची छत्री आपण पाहतो, त्या याच जयाजीरावांच्या राणी. गाइडाने एवढा एक दुवा जोडून दिला, की दोन अलग ठिकाणे पाहणाऱ्याच्या मनात आपोआप एक होतात.

फाशी गेलेली व्यक्ती तात्या नव्हतीच, असे मानणारेही आहेत. कोणी विचारल्यास गाइडाने तसा मतभेद असल्याचे सांगावे आणि वाद घालू नये. मात्र सनावळ्या पाठ करून घेण्यापेक्षा ग्वाल्हेरच्या फूलबागेतील राणीची समाधी, झाशीचा किल्ला आणि शिवपुरी असा सलग प्रवास त्यांना एकदा स्वतः करायला लावावा. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना हाच त्रिकोण सुचवता येईल. त्यांचे प्रवासी ग्वाल्हेरपर्यंत येतातच, पुढे शंभरएक किलोमीटर आणण्याचाच काय तो प्रश्न आहे.

प्रश्न : शिवपुरीत आमचे जुने चौसोपी घर आहे, मुले बाहेरगावी आहेत. दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात असे मनात आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक दांपत्य, शिवपुरी

उत्तर : अवश्य द्याव्यात. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाच्या होम-स्टे योजनेत नोंदणी करून घ्यावी, आणि परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मने (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यांना कळवावी लागते, हे ध्यानात ठेवावे. घर जुने आहे म्हणून संकोचू नये. पाहुण्याला सोपा आणि चौकच हवा असतो. त्याची तडजोड चालत नाही ती न्हाणीघराच्या बाबतीत, तेव्हा पहिला खर्च तेथे करावा.

दुसरी गोष्ट पहाटेची. कुनोच्या सकाळच्या फेरीला जाणारा पाहुणा शिवपुरीहून अंधारातच निघतो. साडेतीन-चारला बादलीभर कडकडीत पाणी, आल्याचा चहा आणि डब्यात बांधून दिलेले कांदेपोहे किंवा दशम्या-चटणी एवढे जो देईल, त्याच्याकडे पाहुणा पुन्हा येईल आणि चौघांना सांगेल. दुपारच्या जेवणाला हॉटेलातला पनीर करू नये. आपल्या घरी होते ते वरण-भात, भाजी, भाकरी वाढावी. दर सुरुवातीला कमी ठेवण्याचा मोह होतो, पण एकदा कमी ठेवलेला दर वाढवणे जड जाते.

प्रश्न : या सर्वांत जंगलाकाठच्या सहरिया आदिवासी वस्त्यांना काय मिळणार? का नेहमीप्रमाणे हॉटेलवालेच मोठे होणार?
— एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : शंका अगदी योग्य आहे, आणि या टापूला तिचा अनुभव आहे. गीरच्या सिंहांसाठी कुनोतील चोवीस गावे उठवली गेली, त्यांत मोठा भरणा सहरियांचा होता. गीरचे सिंह काही आले नाहीत. शिवपुरी जिल्ह्यातच करेऱ्याला १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. लोकांच्या जमिनींचे व्यवहार त्यात अडकले, रोष वाढत गेला, आणि पुढे माळढोकही दिसेनासे झाले. ज्यांच्या उंबऱ्याशी जंगल आहे त्यांना त्यातून काही मिळाले नाही, तर ते जंगल राखण्याचे त्यांना कारण उरत नाही.

गाइड, जिप्सीचालक आणि उद्यानातील हंगामी कामे यांत या वस्त्यांतील मुलामुलींना आधी स्थान मिळावे, असा आग्रह वर्गणी काढणाऱ्या मंडळींनीच धरावा. त्यांना पाऊलखुणा आपल्यापेक्षा अधिक कळतात. अडतात ती अर्जाच्या कागदांपाशी. पुढची भरती निघेल तेव्हा वस्तीवर जाऊन ते अर्ज भरून देण्याचे काम लष्करच्या वाचकांनी अंगावर घ्यावे. त्याला वर्गणीही फारशी लागत नाही.