पहिल्यांदा वारी टिपायला निघालास म्हणून

कॅमेऱ्याची नवी बॉडी घ्यायची घाई करू नकोस रे. आहे त्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ५० एमएम, एफ १.८ ची लेन्स लाव, ती फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) साधारण ७५ एमएमसारखी वागते, चेहऱ्यांना झकास. दिवे घाटात सगळे वर चढून तीच नागमोडी रांग काढतात. तू खाली उतर, दिंडीबरोबर चाल. पहिल्या वर्षी मीही वरच बसलो होतो. घरी येऊन बघतो तर एकाही फोटोत कुणाचे डोळे नाहीत! रिंगणात अश्व धावताना शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) चढला तर चढू दे. पाऊस येणारच, तेव्हा प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि कोरडा सुती रुमाल खिशात हवाच. आणि हो, डोक्यावर तुळस घेतलेल्या मावशींना आधी ‘माउली’ म्हण, मग कॅमेरा उचल.