एकाला हवं, दुसऱ्याला नको : ओढ जुळत नसेल तेव्हा

नवरा-बायकोपैकी एकाला शरीरसंबंधाची ओढ जास्त आणि दुसऱ्याला कमी, हे बहुतेक लग्नांत कधी ना कधी होतं. परदेशात ते लवकर चिघळतं. मन मोकळं करायला बहीण, मैत्रीण, जुना मित्र जवळ नसतो आणि सगळ्या गरजांचा भार एकाच माणसावर येतो. आमचा पहिला सल्ला असा, की 'आठवड्यातून किती वेळा' हा आकडा ठरवायला बसू नका. तडजोडीचा आकडा निघाला, की एकाला तो उपकार वाटतो आणि दुसऱ्याला हप्ता.

बिघडतं ते नेमकं कसं, ते पाहा. एक जण पुढाकार घेतो, दुसरा टाळतो. काही आठवड्यांनी टाळणारा साधी मिठीही टाळू लागतो, कारण मिठी मारली तर 'आज आहे' असा अर्थ निघेल अशी धास्ती असते. मग मुलाला झोपवता झोपवता तिथेच डोळा लागतो, ओटा आवरणं रात्री अकरापर्यंत चालतं, पलंगावर फोन हातात येतो. पहिल्याला आता कुठलाच स्पर्श मिळत नाही, म्हणून तो आणखी मागे लागतो. जास्त ओढ बायकोला असेल तर कोंडी आणखी घट्ट होते. बाईने तोंडाने मागायचं नसतं असं तिच्या मनावर बिंबलेलं असतं आणि 'आज नको' म्हणणं नवऱ्याला कमीपणाचं वाटतं. मग दोघंही गप्प बसतात.

इच्छा सगळ्यांना सारख्या वाटेने येत नाही. काहींना ती आपोआप होते. काहींना आधी निवांतपणा, स्पर्श, जवळीक लागते आणि इच्छा त्यानंतर जागी होते. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे नीट मांडलं. दुसऱ्या प्रकारच्या माणसात काही कमी नसतं. पण 'तुला कधी स्वतःहून वाटतच नाही' असं त्याला सतत ऐकवलं, तर इच्छेला जागं व्हायला वावच उरत नाही. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी इच्छा वाढवणारा ॲक्सिलरेटर आणि ती रोखणारा ब्रेक अशी जोडी सांगितली आहे. अनेक घरांत ॲक्सिलरेटर ठीक असतो, पण ब्रेकवर पाय घट्ट दाबलेला असतो. फुलं, सुगंधी मेणबत्त्या, हॉटेलातली एक रात्र आणण्याआधी तो ब्रेक शोधा.

आपल्या घरांतले ब्रेक ओळखीचे आहेत. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्री साडेनऊला भारतातल्या टीमचा कॉल असतो, कारण तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात. त्यातून डोकं बाहेर यायला तासभर तरी लागतो. अशा दिवशी अपेक्षाच ठेवू नका, वेळ शनिवारी दुपारी काढा. आई-बाबा पाच-सहा महिने राहायला आले असतील आणि भिंती पातळ असतील तर दाराला आतून कडी बसवा, खोलीत पंखा किंवा गाणी चालू ठेवा, आणि ते नातवंडांना बागेत नेतात तो तास फक्त तुमचा ठेवा. मूल मध्ये झोपत असेल तर त्याला आधी त्याच खोलीत वेगळ्या गादीवर आणि मग स्वतःच्या खोलीत हलवा. आणि सगळ्यांत मोठा ब्रेक म्हणजे डबा, शाळेचे ईमेल, डॉक्टरच्या वेळा हे सगळं एकटीच्याच डोक्यात असणं. त्यावर 'मी मदत करतो' पुरेसं नाही. दोन-तीन कामं आठवण ठेवण्यासकट पूर्णपणे स्वतःकडे घ्या.

बोलायला बसाल ते पलंगावर नको आणि नकारानंतर लगेच तर नकोच. मुलं मराठी शाळेत असतात तेव्हा चालत चालत बोला. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. वीस मिनिटं पुरे. त्याआधी प्रत्येकाने कागदावर दोन याद्या कराव्यात : मन कशाने मिटतं आणि कशाने उमलतं. 'तू कधीच' ने सुरू होणारं वाक्य टाळा. 'तू बाजूला सरकलीस की मी तुला नकोसा झालोय असं वाटतं' हे सांगता येतं. 'तू जवळ आलास की पुढचं सगळं करावंच लागेल या भीतीने मी आखडते' हेही सांगता येतं. नकार द्यायचा तर स्पष्ट द्या, आणि खरंच वाटत असेल तरच दुसरी वेळ सुचवा. सुचवलेली वेळ म्हणजे कर्ज नव्हे. ती वेळ आल्यावरही 'नको' म्हणता येतं.

यानंतर सहा आठवड्यांचा एक सराव करा. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी तो रुळवला आणि लैंगिक समुपदेशक आजही तो देतात. पहिले दोन आठवडे संभोग पूर्ण बंद. आठवड्यातून दोनदा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एकाने दुसऱ्याला पंधरा मिनिटं स्पर्श करायचा : पाठ, हात, केस, पाय. स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. मग पाळी बदलायची. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला खूश करायला जाऊ नये. आपल्या हाताला ऊब कशी लागते, त्वचा कशी लागते, तिकडे लक्ष द्यावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वगळलेले भागही घ्या, पण बंदी कायम. पाचव्यापासून दोघांनाही हवं असेल तर पुढे जा. चुकतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळी. सगळं छान चाललेलं असतं, 'आता काय हरकत आहे' म्हणून बंदी मोडली जाते आणि कमी ओढ असलेल्याच्या मनात जुनी धास्ती परत येते. तसं झालं तर पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करा. या सहा आठवड्यांत, मिठी मारली तरी पुढे काही मागितलं जाणार नाही, याची खात्री बसली पाहिजे. सारा सराव त्यासाठीच आहे.

शरीराची तपासणीही याच काळात उरका. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना मात्रा किंवा औषध बदलता येतं. थायरॉइड, मधुमेह आणि रक्तक्षय तपासून घ्या. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं. ताठरता कमी झाली असेल तर हृदयाची तपासणी टाळू नका, कारण रक्तवाहिन्यांचा त्रास कधी कधी आधी तिथे दिसतो. अंगावर पाजत असताना आणि पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होऊन कोरडेपणा येतो, संबंध दुखतात, आणि जे दुखतं ते कुणालाच हवंसं वाटत नाही. पाण्याचा आधार असलेलं वंगण भरपूर वापरा. खोबरेल तेल लेटेक्सच्या कंडोमबरोबर मुळीच नको, त्याने कंडोम फाटतो. दुखणं तरीही राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपिस्टबद्दल विचारा.

नकाराची शिक्षा मिळत असेल तर मात्र वरचं काहीही लागू नाही. व्हिसा रद्द करीन, पैसे देणार नाही, भारतात परत पाठवीन अशा धमक्या किंवा बळजबरी हा इच्छेतला फरक नव्हे, तो अत्याचार आहे. लग्नातली जबरदस्ती इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेच्या सर्व राज्यांत १९९३ पासून गुन्हा आहे. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून आणि लंडनमधली 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' १९७९ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करतात.

सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर समुपदेशकाकडे जा. ब्रिटनमध्ये जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, थेट सांगा, की लैंगिक समस्यांच्या क्लिनिककडे पाठवा. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा फुकट मिळतो, नातेवाइकाला मध्ये घालू नका. अमेरिकेत अनेक कंपन्यांच्या कर्मचारी साहाय्य योजनेत काही भेटी मोफत आणि गोपनीय असतात. तिथला थेरपिस्ट तुम्ही राहता त्या राज्यात परवानाधारक आहे ना, हे पाहा. पुण्या-मुंबईतल्या मराठी समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलणं अनेकांना सोपं जातं, पण त्याचे पैसे सहसा विम्यातून मिळत नाहीत. पहिल्याच फोनवर दोन गोष्टी विचारा : लैंगिक समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं आहे का, आणि दोघांना एकत्र व वेगवेगळं, असं दोन्ही भेटता का.