रेषा तोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझा होडीचा आराखडा पाहिला. नाळेचा बाक सुरेख आलाय. पण बरगड्या सरळ सागाच्या फळीतून यंत्रावर कापून घ्यायच्या, की आधी कोकणात मिस्त्रीच्या हाताखाली राहायचं, या गोंधळात तू दोन महिने घालवलेस, ते काही बरोबर नाही.

कोकणात जा. आणि लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंची धाव, तोडू नकोस.

सरळ फळीतून बाकदार बरगडी कापलीस की मधे रेषा लांबीने धावते, पण दोन्ही टोकांना ती तिरकी कापली जाते. लाकडाची खरी ताकद रेषेच्या दिशेने. आडवं ओढलं तर ते सहज फाटतं. लाटेचा दणका बसला की बरगडी तिथेच, खिळ्याच्या भोकापाशी चिरते. स्क्रीनवर ती जाड दिसते, म्हणून फसू नकोस.

बाक झाडातच शोध. कच्छमधल्या मांडवीचे कारागीर बरगड्यांना बाभूळ वापरत आलेत, आणि बाभूळ तर पुण्याच्या आसपास बांधाबांधावर आहे. वाकडी म्हणून ती जळणात जाते! पातळ प्लायवुडचा साचा कापून झाडापाशी ने. फांदीचा बाक साच्याशी जुळला तरच घे. फांदीच्या अगदी मधोमधचा गाभा बरगडीत येऊ देऊ नकोस, वाळताना तिथूनच भेग पडते.

सागाचं तू केलेलं कौतुक मान्य. मुंबईत १८१७ साली सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. पण साग फळ्यांना घे, आणि टिंबर मार्केटातून आणून थेट ठोकू नकोस. पुण्याच्या उन्हाळ्यात फळीतला ओलावा १० टक्क्यांपर्यंत उतरतो, पाण्यात तो ३० कडे जातो. १५० मिलिमीटर रुंदीची फळी ४-५ मिलिमीटर फुगते; उभ्या रेषेची, म्हणजे खोडाची वलयं फळीच्या रुंदीला काटकोनात येतील अशी, कापली असेल तर निम्मीच. म्हणून आधी किनाऱ्यावर सावलीत, मधे पट्ट्या घालून थप्पी लाव. ४० मिलिमीटर जाडीच्या फळ्या आतून घट्ट भिडव, बाहेरून अडीच मिलिमीटर उघडी खाच ठेव. पाणी अडवायला कोरड्या खाचेत कापूस हाणून भरलास तर फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही. खिळे ओढले जातात, बरगड्या तुटतात.

गणित टाकून दे, असं मी म्हणत नाही. नौदलाच्या 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाची प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये तपासली गेली. जहाजाच्या फळ्या मात्र काथ्याने, हातांनीच शिवल्या. मिस्त्रीची नजर आमच्या पिढीने कागदावर नाही म्हणून कमी लेखली, त्यांचे साचे उतरवून घेतले नाहीत. याची मला खंत आहे, म्हणूनच हट्टाने तेच तेच सांगतोय. जुन्या वळणाचा म्हण हवं तर. रेषा तोडलेली बरगडी मी बरोबर म्हणणार नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा मालवण, देवगडला जा. तुटलेली बरगडी दिसली की आधी टोकाशी रेषा कुठे गेलीय ते बघ, आणि फोटो पाठव.