शिकागोत जुनं घर घेतोय. नळाची लाइन शिशाची आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की घर १९२०च्या दशकातलं आहे, शहराच्या यादीत पत्त्यापुढे 'अज्ञात' दिसतं, आणि एजंट म्हणतोय की पाणी तपासून घ्या, रिपोर्ट चांगला आला की काळजी मिटली. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. पाण्याची तपासणी म्हणजे पाइपची तपासणी नव्हे. हे मी माझ्या दिरांना वर्षानुवर्षं सांगत आलेय, आज तुम्हाला सांगते.

पहिलं म्हणजे शिकागोत गृहीत उलटं धरायचं. लहान घरांची नळजोडणी, म्हणजे रस्त्याखालच्या मेन लाइनपासून घरापर्यंत येणारा पाइप, शिशाचीच हवी, असा या शहराचा नियमच होता. १९८६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने बंदी घातली तेव्हा कुठे तो थांबला. म्हणूनच आज इथे अशा जवळपास चार लाख लाइन्स जमिनीखाली आहेत, देशात सर्वांत जास्त. प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेने १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत कुठल्या घराला कसली लाइन आहे याची यादी करावी, असा केंद्राचा नियम होता. त्या यादीत 'अज्ञात' म्हणजे 'बहुतेक नसावं' असं नाही. खात्रीलायक नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या घराचं वय बघता मी तर शिसं आहे असंच धरून चालेन.

आमचं घरही त्याच काळातलं, विटांचा बंगला. घेताना ज्याने घराची तपासणी केली त्याने अहवालात सरळ 'कॉपर' लिहिलं होतं. मला तेव्हा सातवा महिना होता. दीर सिव्हिल इंजिनियर, राहतात उपनगरातल्या नव्या घरात. ते म्हणाले, "वहिनी, अहवाल आलाय ना? आता कशाला खोदत बसता?" मी काही खोदलं नाही. टॉर्च, फ्रिजवरचं लोहचुंबक आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बेसमेंटमध्ये उतरले.

पुढच्या भिंतीजवळ, जुन्या रंगाच्या डब्यांमागे, फरशीतून एक पाइप वर आला होता आणि मीटरला जोडला होता. मीटरच्या पुढचा, घरात जाणारा पाइप खरंच तांब्याचा, लालसर, नवा. तपासणाऱ्याने तोच पाहिला असणार. पण मीटरच्या अलीकडचा, रस्त्याकडून येणारा तुकडा मळकट राखाडी होता, थोडा वाकडा, आणि जोडापाशी लहान कांद्याएवढा फुगवटा. शिशाचा जोड ओळखायची ती खूण. चुंबक लावलं, चिकटलं नाही. ओल्या कागदाने धूळ पुसली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच ओरखडा काढला. जोर लावावाच लागला नाही. खाली चांदीसारखी लख्ख रेघ उमटली. तांबं असतं तर नव्या पैशासारखं लालसर दिसलं असतं, आणि लोखंडी जीआय असता तर चुंबक चिकटलं असतं. फोटो काढले, हात साबणाने धुतले, वर आले.

दिरांचं उत्तर तयार होतं: "ठीक आहे, पाणी तपासा." शिकागोत ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर सांगितलं की तपासणीच्या बाटल्या फुकट मिळतात. आम्ही त्या भरून दिल्या आणि रिपोर्ट मर्यादेच्या बराच खाली आला. "बघा! विषय संपला!" म्हणाले ते. त्यांच्यासाठी संपला असेल.

असं होतं कसं, ते समजून घ्या. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी भरलेल्या पहिल्या बाटलीत येतं ते तोटीतलं आणि सिंकखालच्या पाइपातलं पाणी. बाहेरच्या लाइनमध्ये रात्रभर थांबलेलं पाणी त्यानंतर येतं. म्हणूनच मिशिगनने २०१८ मध्ये नियम बदलला आणि शिशाची लाइन असेल तर पहिल्याबरोबर पाचवा लिटरही तपासायला लावला. दुसरं, शहर पाण्यात फॉस्फेट घालतं, त्याचा थर पाइपच्या आत बसतो आणि शिसं झाकून ठेवतो. रस्ता खोदला, मेन लाइन बदलली, मीटर हलवला की तो थर सुटतो. शिकागोने २०१९ मध्ये घरोघरी मीटर बसवायचं काम याच कारणाने थांबवलं होतं: मीटर बसवलेल्या काही घरांत शिसं वाढलेलं आढळलं.

दीर म्हणायचे, हा प्रश्न फ्लिंटचा (मिशिगनमधलं शहर, जिथे नळाच्या पाण्यात शिसं आलं होतं), आपला नाही. अहो भाऊजी, फ्लिंटमधले पाइप काही २०१४ मध्ये टाकलेले नव्हते! ते कित्येक वर्षं तिथेच होते. एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून नदीचं घेतलं, गंज रोखणारं फॉस्फेट घातलं नाही, आणि थर निघून शिसं पाण्यात उतरलं. वॉशिंग्टनमध्ये तर नदीसुद्धा बदलली नव्हती. पाणी जंतुमुक्त करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे दुसरं रसायन वापरायला लागले आणि शिसं पाण्यात उतरलं. दोन्ही शहरांत चूक झाली ती पाण्याच्या रसायनात, पण भोगली ती ज्यांच्या घराला शिशाचा पाइप होता त्यांनी. आजचा रिपोर्ट आजच्या बाटलीचा. पाइप तिथेच राहतो, आणि बाळाच्या शरीरात गेलेल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीच मर्यादा नाही.

म्हणून सौदा पक्का करण्याआधी स्वतः बेसमेंटमध्ये उतरा आणि मीटरच्या अलीकडचा पाइप बघा. एजंटला नाही, नवऱ्याच्या भावाला नाही, स्वतःच्या डोळ्यांना विचारा. शिसं निघालं तर फोटो दाखवून किमतीतून तेवढे पैसे कमी करायला सांगा. आम्ही तेच केलं, आणि ती रक्कम ऐकल्यावर दीर गप्प बसले.

खर्च विचारलात. रस्ता आणि अंतर बघून तो खूप बदलतो, मोठी रक्कम आहे हे नक्की. दोन-तीन परवानाधारक प्लंबरकडून कोटेशन घ्या. स्वतःहून लाइन बदलणाऱ्या घरमालकांना शहर परवान्याचं शुल्क माफ करतं आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वेगळी योजना आहे, तीही बघा.

थोडं राहिलं. बेसमेंटमध्ये तांबं दिसलं तरी भिंतीपलीकडे शिसं असू शकतं. शंका असेल तर फुटपाथजवळच्या बी-बॉक्सपाशी (घराच्या लाइनचा बाहेरचा कॉक असलेली जमिनीतली पेटी) उकरून बघायला लावा. जीआय निघाला तर सुटलो असं समजू नका, त्याच्या आधी कधी शिशाचा तुकडा असेल तर गंजात शिसं साचून राहतं. मोठ्या अपार्टमेंट इमारतीत मात्र ही भीती कमी, कारण दोन इंचांवरच्या लाइन्स सहसा शिशाच्या नसत.

तोवर पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्याने शिसं उलट दाट होतं. एनएसएफ ५३ (पाण्याच्या फिल्टरचं अमेरिकी मानक) प्रमाणपत्र असलेला आणि त्यावर शिशाचा स्पष्ट उल्लेख असलेला फिल्टर घ्या. स्वयंपाकाला आणि बाळाच्या दुधाला फक्त थंड नळाचं पाणी, तेही फिल्टरचंच. लाइन बदलाल तेव्हा मेनपासून मीटरपर्यंत पूर्ण बदला. अर्धीच कापली तर उरलेल्या शिशाला धक्का बसून काही काळ पाण्यातलं प्रमाण वाढतं. आणि बदलल्यावर नळाच्या तोंडाच्या जाळ्या काढून धुवा, पाणी भरपूर वाहू द्या, सहा महिने फिल्टर बंद करू नका.