पहिला गेमिंग पीसी: 9 हजाराचा हप्ता की सहा महिने थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 23, बदलापूरला आईबाबांसोबत राहतो, ऐरोलीला पहिली नोकरी, हातात 31 हजार येतात, घरी देऊन, प्रवास-जेवण-मोबाईल सगळं धरून 18 हजार जातात, बँकेत 86 हजार जमलेत. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून पीसीचं कोटेशन काढलंय 1 लाख 8 हजारांचं, दुकानदार क्रेडिट कार्डवर 12 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करून देतोय, म्हणजे महिना 9 हजार. प्रोबेशन संपायला अजून चार महिने आहेत. घेऊ का?

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरे करतो, चालेल ना.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. "स्ट्रीमिंग करेन, इन्व्हेस्टमेंट आहे" असं लिहिलंयस ते खोडून टाक. ही हौस आहे आणि कमावत्या माणसाने हौस करावी, त्यात माझ्यासारख्या सल्लागाराला पटवायला कारणं शोधायची काही गरज नाही. फक्त इन्व्हेस्टमेंट म्हटलं की माणूस खर्चाला मर्यादा घालत नाही, हौस म्हटलं की घालतो.

आता ईएमआय. नो कॉस्टमध्ये बँक व्याज घेतेच, तेवढा डिस्काउंट वर दाखवतात इतकंच. 15 टक्के दर धरला तर तुझ्या रकमेवर व्याज होतं 8 हजार 300 च्या आसपास, ते डिस्काउंटमध्ये वळतं होतं पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुझ्याच माथी, म्हणजे दीड हजार, वर प्रोसेसिंग फी. खरं सांगू का, दीड-दोन हजारांसाठी मी तुला अडवलं नसतं. (दुकानदाराला यूपीआयने पूर्ण पैसे दिले तर किती, हे मात्र विचार, आकडा खाली येतो की नाही बघ.) मला खटकतंय ते प्रोबेशन. महिन्याला 13 हजार उरतात त्यातले 9 आधीच बांधले गेले, आणि तिसऱ्या महिन्यात कंपनीने नारळ दिला तर हप्ते चालूच राहणार, आणि कार्डाचं बिल थकलं की व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात जातं.

म्हणून 86 मधले 54 हजार, म्हणजे तुझा तीन महिन्यांचा खर्च, बाजूला ठेव, त्याला हात लावायचा नाही. उरले 32.

आता ते कोटेशन. फोटो झूम करून दोनदा वाचला. प्रत्येक वस्तूपुढे कंपनी आणि मॉडेल लिहिलंय, फक्त एसएमपीएसपुढे (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) नुसतं "600 वॉट, 2200 रु." कंपनीच नाही! माझ्या पहिल्या असेंबल्ड कॉम्प्युटरचा असाच बिननावाचा एसएमपीएस एका रात्री फट्‌ करून उडाला आणि जाताना हार्डडिस्क घेऊन गेला, तेव्हापासून या एका ओळीवर माझी नजर आधी जाते. तुझं आरटीएक्स 5060 ग्राफिक्स कार्ड 145 वॉटचं, प्रोसेसर 65 वॉटचा, चांगल्या कंपनीचा 550 वॉटचा पुरतो, 5 हजार धर. उलट त्याच 65 वॉटच्या रायझन 5 7600 प्रोसेसरवर 6800 चा लिक्विड कूलर कशाला लावलाय? बॉक्स पॅक घेतलास तर कूलर आतच येतो. काढून टाक. सहा पंख्यांचं लाइटवालं कॅबिनेट साडेसात हजारांचं, त्याच्या जागी 4 हजारांचं जाळीदार घे, हवा खेळली पाहिजे, रोषणाई दिवाळीत करू. यूपीएस कोटेशनमध्ये नाहीच आणि बदलापूरला लाइट किती जाते हे तुला मी सांगायला नको, त्याचे 5500. सगळं मिळून 1 लाख 6 हजार, त्यात ग्राफिक्स कार्ड 30 हजार.

आणि इथेच पीसीची गंमत आहे, फ्रिज अर्धा घेता येत नाही, पीसी येतो. आज फक्त मॉनिटर घे, साडेदहा हजारांचा, एचडीएमआयने आत्ताच्या लॅपटॉपला लागतो. मग चार महिने दर महिन्याचे 13 बाजूला टाकत जा, प्रोबेशन संपलं की कार्ड सोडून बाकी सगळं एकदम. 32 अधिक 52 म्हणजे 84, लागतात मॉनिटर धरून 76, हातात 8 उरले. पुढच्या दोन महिन्यांचे 26 त्यात टाकले की 34, कार्ड आलं. सहा महिन्यांत सगळं तुझं आणि हप्ता शून्य.

मधले दोन महिने कार्डाविना चालतील का? 7600 मध्ये जुजबी ग्राफिक्स आहे, डिस्प्ले येतो, व्हॅलोरंटसारखा गेम लो सेटिंगवर कसंबसं खेळशील. पण दुकानदार म्हणेल "त्यापेक्षा 7500एफ घे, स्वस्त आहे". स्वस्त आहे खरं, पण एफवाल्यात ते ग्राफिक्सच नाही, कार्ड येईपर्यंत काळा पडदा बघत बसशील. आपल्या प्लॅनमध्ये एफ बसत नाही.

रॅमचं टेन्शन मला कळतं. 2025 च्या शेवटी एआय डेटा सेंटरवाल्यांमुळे भाव जे चढले ते बघून आत्ताच घेऊन ठेवावीशी वाटणार. नको. मदरबोर्डाशिवाय टेस्ट करता येत नाही, चार महिन्यांनी खराब निघाली तर दुकानदार बदलून देत नाही, कंपनीच्या वॉरंटीत चकरा मारत बसायचं. भाव 3-4 हजारांनी वाढला तर वर हातात उरलेले ते 8 हजार आहेतच. घेताना 8-8 जीबीच्या दोन घे, कोटेशनमध्ये 16 जीबीची एकच आहे, जोडीने स्पीड चांगला मिळतो.

प्रोसेसर मदरबोर्डावर ज्या खाचेत बसतो ती जुनी, एएम4 वाली घेतलीस तर काही हजार वाचतील, पण नव्या एएम5 ला रायझन बनवणाऱ्या एएमडीने किमान 2027 पर्यंत सपोर्ट सांगितलाय. एएम4 2016 साली आलं आणि त्यावर 2024 मध्येही नवे प्रोसेसर निघाले, म्हणजे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागू शकतं. इथे मी जास्तीचे पैसे घालू देईन. जीटीए 6 या गेमसाठी घाई करत असशील तर तो बनवणाऱ्या रॉकस्टारने जाहीर केलंय ते पीएस5 आणि एक्सबॉक्ससाठी, पीसीचं नाव नाही, तेव्हा त्याचं प्रेशर घेऊ नकोस.

"बिल नको असेल तर कमी करतो" म्हणाला तर हसून नाही म्हण, वॉरंटीला बिलच लागतं, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घे, दुकानातच बॉक्सवरच्या नंबराशी ताडून बघ. आणि कॅबिनेट घेऊन संध्याकाळी दादरला बदलापूर फास्ट पकडायला जाऊ नकोस रे बाबा, दुपारची गाडी बघ, सोबत एक मित्र ने, मॉनिटर मात्र त्याच्या मूळ खोक्यातूनच ने, नाहीतर पॅनल दाबला जातो.