संगणक कुलूपबंद, आणि अध्यक्ष म्हणतात ‘गप्प राहा’

प्रश्न : मी मालवण तालुक्यातील एका बिगरशेती सहकारी पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे. सोमवारी सकाळी कार्यालय उघडले तेव्हा मुख्य संगणकावरील सर्व फायली कुलूपबंद झालेल्या होत्या आणि पडद्यावर आभासी चलनात खंडणी मागणारा मजकूर होता. बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला जोडलेली असल्याने तीही गेली. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणतो, संगणक फॉरमॅट करून देतो. अध्यक्ष म्हणतात, बोभाटा झाला तर ठेवीदार दारात रांग लावतील, म्हणून तक्रार करू नका. एक संचालक पैसे देऊन मोकळे होऊ म्हणतात. आज चौथा दिवस आहे. तक्रार बंधनकारक आहे का, आणि पुढे चौकशी झाली तर मी व्यक्तिशः अडकेन का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, परंतु त्याआधी एक तातडीची गोष्ट सांगतो. तो संगणक कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका. त्याची नेटवर्कची तार काढा, डिस्क बाजूला काढून मोहोरबंद करा आणि पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घ्या. संस्थेच्या बँक खात्यांची नेटबँकिंग त्याच यंत्रावरून चालत असेल, तर दुसऱ्या यंत्रावरून आजच पासवर्ड बदला व बँकेला लेखी कळवा. खात्यातून रक्कम गेल्याचे दिसले, तर क्षणभरही न थांबता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर नोंद करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत विखुरण्याआधी गोठवण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच असते.

आता बंधनाविषयी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेली संस्था ही निगम निकाय, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती, असते, आणि भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०ब खाली २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश अशा निकायांना लागू आहेत. संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणे हा त्यातील कळवण्याजोग्या घटनांपैकी एक प्रकार असून, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवावी लागते. ती मुदत सोमवारीच संपली. म्हणून आता कळवून काय उपयोग, असा युक्तिवाद बैठकीत होईल. तो ऐकू नका. उशिराचे कारण प्रांजळपणे लिहून दिलेला अहवाल आणि मुळीच न दिलेला अहवाल यांत चौकशी अधिकारी मोठा फरक करतो. निर्देश न पाळल्यास त्याच कलमाच्या उपकलम (७) खाली एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पोलिसांकडील तक्रार ही वेगळी बाब आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३ सह ६६ आणि भारतीय न्याय संहितेचे खंडणीविषयक कलम ३०८ येथे लागू होते. गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून स्थानिक ठाण्यात ‘ओरोसला, जिल्हा मुख्यालयी जा’ असे सांगितले जाण्याची शक्यता आहे; तथापि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती नोंदवून घेणे हे त्या ठाण्याचे कर्तव्यच आहे. नकार मिळाल्यास तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा व पोच जपून ठेवा.

आपल्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न मला या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे संस्थेकडून गुन्हा घडल्यास त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्ती दोषी धरली जाते. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे तिने सिद्ध केल्यासच ती सुटते. संचालकांची संमती, संगनमत किंवा हलगर्जी दिसली तर तेही त्यात येतात. आपल्याला माहिती नव्हती असे आपण आता म्हणू शकत नाही. त्यामुळे आजच अध्यक्षांना एक टिपणी द्या: घटना केव्हा लक्षात आली, कोणी काय सल्ला दिला, आणि सर्ट-इनला कळवणे कायद्याने आवश्यक असल्याने त्यासाठी व पोलिसांतील तक्रारीसाठी आपण अनुमती मागत आहात. आवक-जावक नोंदवहीत तिचा क्रमांक टाका. अध्यक्ष ‘कळवू नका’ असे तोंडी सांगत असतील, तर तेच त्या टिपणीवर लिहून मागा. बहुतेक जण लिहून देत नाहीत, आणि तेथेच विरोध मावळतो. इतके करूनही अनुमती मिळाली नाही, तर व्यवस्थापक या नात्याने आपण स्वतः कळवावे, असे माझे मत आहे.

खंडणी देण्याविषयी थोडक्यात सांगतो. तो पैसा सभासदांच्या ठेवींचा आहे. तो कोणत्या खाती खर्ची टाकणार, हे लेखापरीक्षक विचारणारच, आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली निबंधक नुकसानीची रक्कम संबंधित संचालकांवर निश्चित करू शकतात. शिवाय पैसे दिल्यावर फायली उघडण्याची चावी मिळेलच, याची हमी कोण देणार?

ठेवीदारांची रांग लागेल ही अध्यक्षांची भीती मी खोटी मानत नाही. कोकणातल्या गावात बातमी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबत नाही. परंतु बातमी संस्थेकडून न जाता सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाकडून गेली, तर रांग अधिक मोठी लागेल. फलकावर चार ओळींची सूचना लावा: काय घडले, शिल्लक नोंदी कोणत्या कागदांवरून पडताळल्या जात आहेत, आणि सभासदांनी आपले पासबुक घेऊन यावे. खात्यांचे तपशील हे संवेदनशील माहितीत मोडतात, आणि वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्याने कोणाचे नुकसान झाल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३अ खाली भरपाई मागता येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर माहितीच्या सुरक्षेचा भंग झाल्यास बाधित व्यक्ती आणि त्या अधिनियमाखालील माहिती संरक्षण मंडळ या दोघांनाही विनाविलंब कळवावे लागेल, तर मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावी लागेल. सुरक्षाव्यवस्थेतील कसुरीसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा छोट्या पतसंस्थेला लागेल असे मी म्हणत नाही, कारण दंड ठरवताना कसुरीचे गांभीर्य आणि नुकसान कमी करण्यासाठी केलेले प्रयत्न पाहिले जातात. पण प्रयत्न केले हे दाखवायला कागद लागतो.

पुढच्या तयारीसाठी महागड्या यंत्रांपेक्षा संचालक मंडळाचा एक ठराव आधी करा. रात्री किंवा सुटीच्या दिवशी घटना घडल्यास व्यवस्थापकाने कोणाचीही परवानगी न घेता नेटवर्क तोडावे व सर्ट-इनला कळवावे, असा स्पष्ट अधिकार त्यात द्या. सहा तासांच्या मुदतीत सभा बोलावणे शक्य नसते. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या कराराचीही फेरतपासणी करा. दुरून संगणकात शिरण्याची त्याची वाट कायम उघडी असू नये, काम असेल तेव्हाच ती उघडावी, आणि त्याच्याकडे घुसखोरी झाल्यास त्याने आपल्याला ताबडतोब कळवावे, अशी कलमे त्यात हवीत. बॅकअपची एक प्रत संगणकापासून तोडलेली आणि दुसऱ्या इमारतीत असावी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा दप्तराची प्रत त्याच खोलीत ठेवणाऱ्यांवर जे संकट आले, तेच आपल्यावर पावसाविना आले आहे.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे प्रवेशाच्या व व्यवहारांच्या संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळलेली असावी लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते आणि जुन्या संगणकांचे घड्याळ मागे पडते. मग न्यायालयात घटनाक्रम जुळवता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विद्युतीय नोंदीसोबत संगणक सांभाळणाऱ्याचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा त्या संगणकाचा ताबा कोणाकडे होता, हे मोहोरबंद पाकिटावर तारीख-वेळ घालून आजच लिहून ठेवा.