पापणीवरचं कायमचं काजळ आणि सही केलेला फॉर्म

प्रश्न : मी खारघरला राहते, ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करते. चार महिन्यांपूर्वी वाशीतल्या एका पार्लरमध्ये १४,००० रुपये देऊन परमनंट आयलायनर करून घेतलं. खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवरही सुई चालवली. त्याच रात्री डोळे लालभडक झाले, ९ दिवस रजा पडली. आजही स्क्रीनसमोर तासभर बसवत नाही, चुरचुरतं. डॉक्टरांनी कोरडेपणा सांगून थेंब दिले आहेत. पार्लरवाले म्हणतात, "फॉर्मवर तुमची सही आहे. हवं तर पैसे परत घ्या आणि विषय संपला असं लिहून द्या." लेझरने हे काढून टाकावं का? तक्रार करता येईल का?

उत्तर : तक्रार नक्की करता येईल. पण आधी दोन गोष्टी थांबवा. तो ‘विषय संपला’चा कागद सही करू नका. त्यांनी परस्पर यूपीआयने पैसे पाठवलेच, तर त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम भरपाईपोटी अंशतः जमा धरली आहे, बाकीचा हक्क सोडलेला नाही. आणि लेझरची घाई नको. पापणीवर लेझर मारताना डोळ्यात संरक्षक कवच बसवावं लागतं, ते पार्लरचं काम नव्हे. शिवाय काही शाया लेझरने फिक्या होण्याऐवजी गडद होतात. तुमच्या पापणीवरची ती रेघ हाच या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा आहे. नेत्रतज्ज्ञाकडून तिची नोंद आणि जवळून फोटो झाल्याशिवाय ती पुसायची नाही.

फॉर्मला घाबरू नका. सही गोंदण्याला होती, निष्काळजीपणाला नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नसते. तो निकाल डॉक्टरांबाबतचा आहे, पण तोच युक्तिवाद इथे करता येतो. फॉर्मची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. त्यात डोळे कोरडे पडणं, पापणीचे केस गळणं, शाई पसरणं हे लिहिलं होतं का? कोणत्या भाषेत? वाचायला वेळ दिला, की क्रीम लावून आडवं केल्यावर सही घेतली? मात्र आधीचं डोळ्याचं ऑपरेशन किंवा कॉन्टॅक्ट लेन्स तुम्ही लपवली असेल, तर वकिलाला आजच सांगा. समोरचा वकील ते काढणारच.

खरी लढाई कारणाची आहे. ते म्हणतील, दिवसभर एसी आणि स्क्रीन, डोळे कोरडे होणारच. हा बचाव पोकळ नाही, म्हणून नुसती ‘ड्राय आय’ लिहिलेली चिठ्ठी पुरणार नाही. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या अगदी मागे, त्याच कडेवर उघडतात जिथे तुमच्यावर सुई चालवली. या ग्रंथींतलं तेल अश्रूंवर साय धरतं. ते कमी झालं की अश्रू भराभर सुकतात. गेलेली ग्रंथी पुन्हा उगवत नाही.

म्हणून डॉक्टरांना सांगून या तपासण्या करून घ्या : शर्मर चाचणी (५ मिनिटांत कागदाची पट्टी किती मिलिमीटर भिजते), अश्रूंचा थर फुटायला लागणारा वेळ (१० सेकंदांपेक्षा कमी असेल तर थर अस्थिर), फ्लुरेसिन या रंगद्रव्याने बुबुळाची तपासणी आणि ग्रंथींचा इन्फ्रारेड फोटो, म्हणजे मायबोग्राफी. शाई आहे तिथेच ग्रंथी तुटक किंवा नाहीशा दिसल्या, तर एसीचा बचाव लंगडा पडतो. ‘गोंदण्याशी सुसंगत इजा’ असं डॉक्टरांना खरंच वाटत असेल तर ते केसपेपरवर त्यांच्या शब्दांत येऊ द्या. पूर्वीची चष्म्याची तपासणी असेल आणि तेव्हा त्रासाची नोंद नसेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा. बधिर करणाऱ्या क्रीमचं नावही लेखी विचारा. अशी काही क्रीम अल्कधर्मी असतात, ती डोळ्यात झिरपली तर बुबुळ भाजतं, आणि त्याच रात्रीची लाली त्याच्याशी जुळते.

चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. पावती दिली नसेल तर यूपीआयची नोंद चालते.

आता कुठे जायचं. खारघर नवी मुंबई म्हणून ओळखलं जातं, पण जिल्हा रायगड. वाशी ठाणे जिल्ह्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे किंवा पार्लर आहे तिथे, दोन्हीकडे तक्रार चालते. अलिबागच्या खेपा घालण्यापेक्षा ठाणे जिल्ह्यातला पर्याय घ्या. तिथला अतिरिक्त ग्राहक आयोग बेलापूरच्या कोकण भवनात बसतो, तुम्हाला तो जवळचा. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल करता येते. शुल्कासाठी मोजदाद तुम्ही दिलेल्या १४,००० ची होते, मागितलेल्या भरपाईची नाही, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. आधी १५ दिवसांची नोटीस पोचपावतीसह पाठवा. कायद्याने सक्ती नाही, पण त्यांचं उत्तर पुढे कामी येतं. मागणीत परतावा, झालेला आणि पुढचा औषधखर्च, रजेचा पगार (एचआरकडून पत्र घ्या), मानसिक त्रास आणि दाव्याचा खर्च वेगवेगळे मांडा. तक्रार दाखल झाल्यावर आयोगाची नोटीस पोचली की पार्लरला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५.

पोलिसांत जाण्याची मला घाई वाटत नाही. निष्काळजी कृत्याने इतरांची सुरक्षितता धोक्यात आणण्याबाबतचं भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं, पण तुमच्यासारख्या त्रासात १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद असं सिद्ध झालं तर दुखापत ‘गंभीर’ ठरते. तुमची नोंद ९ दिवसांची आहे. मुळात भरपाई ग्राहक आयोगच देईल.

ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, पण ४ महिने गेलेच आहेत. मायबोग्राफी या आठवड्यात करा. आणि पुढे कधी एमआरआय निघाला, तर पापणीत शाई आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगा.